समुद्राच्या तळावरून एक दिवस सायकलने



आजवर मी तुमच्याशी बोललो ते उसाच्या लागणीबद्दल, हरभऱ्याच्या मर रोगाबद्दल, नाहीतर माती-परीक्षणाबद्दल. आज जरा वेगळे सांगणार आहे. परदेशात मी एक दिवस एकट्याने सायकल चालवली, त्याची ही हकिकत. तुम्ही म्हणाल, विस्तार अधिकाऱ्याने कुठे सायकल फिरवली ते वाचून आमच्या रानात काय उगवणार? म्हणणे रास्त आहे. पण शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा. घरापासून हजारो मैल दूर गेल्यावर मला जे दिसले, ते तुमच्या-माझ्या बांधावरचेच दुखणे होते. फरक इतकाच की त्यांनी त्यावर औषध शोधले आहे आणि ते नेमाने घेतले आहे.

माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त नेदरलँड्स देशात असतात. आपल्याकडची जुनी माणसे या देशाला हॉलंड म्हणतात. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार. त्याआधी साठलेल्या रजेपैकी महिनाभराची रजा टाकली, परवानगीचा कागद हातात पडला आणि आम्ही उभयता मुलीकडे गेलो. देश लहान, आपल्या महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढा. त्यातली चौथाई भूमी समुद्रसपाटीपेक्षा खाली. पाणी अडवून आणि उपसून ती कोरडी ठेवलेली. ही जमीन डोळ्यांनी पाहायची, असे मी शेतकी कॉलेजात असल्यापासून मनाशी धरले होते.

जावई म्हणाले, "बाबा, मोटारीने नेतो. दोन तासांत सगळे दाखवतो." मी म्हटले, "जावईबापू, मोटारीतून जमीन दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. तुमची सायकल तेवढी द्या." नोकरीची पहिली चार वर्षे मी माझे सर्कल सायकलवरच फिरलो आहे. कुणाच्या रानात ओल किती, कुणाच्या बांधावर लव्हाळा किती, हे सायकलवरूनच कळते. आमच्या सौ.ना काळजी वाटली. "पंचावन्न उलटली, गुडघे कुरकुरतात, भाषा येत नाही," असे त्यांचे म्हणणे. पण मुलीने पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मी निघालो.

उजवीकडून चाला!

सप्टेंबरचा पहिला आठवडा, शनिवार. त्या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत. सुट्टीच्या दिवशी जादा तिकीट काढून सायकल आगगाडीतूनही नेता येते. अ‍ॅमस्टरडॅमहून तासाभराने एंकहाउझेन या गावी उतरलो. हे जुने बंदराचे गाव. इथेच रूळ संपतात आणि पुढे पाणी लागते. या भागाचे नाव आज भाजीपाल्याच्या बियाण्यांसाठी जगभर घेतले जाते.

स्टेशनाबाहेर सायकलवर बसलो आणि पहिल्याच वळणावर फजिती झाली. तिकडे वाहतूक उजव्या बाजूने चालते. मी जन्माच्या सवयीने डावी धरली. समोरून पंच्याहत्तरीच्या एक बाई सायकलवर येत होत्या. त्यांनी घंटी वाजवली, मी आणखी डावीकडे सरकलो, त्यांनी पुन्हा वाजवली. शेवटी दोघेही थांबलो. बाईंनी हसून हाताने मला पलीकडची बाजू दाखवली. मी नमस्कार केला आणि बाजू बदलली. त्यानंतर दिवसभर मनाशी एकच जप चालू होता, 'उजवीकडून, उजवीकडून.'

रस्ता चुकण्याची भीती मात्र फारशी नाही. सायकलींच्या वाटा वेगळ्या आणि जिथे वाटा मिळतात तिथे खांबावर आकडा. आपण सकाळी आकडे क्रमाने कागदावर उतरून घ्यायचे आणि एका आकड्याकडून दुसऱ्याकडे जायचे. वाचता येत नसलेला माणूसही आकडे ओळखत गेला तर मुक्कामाला पोचेल. मी कागद हँडलला बांधून टाकला.

दोन्हीकडे पाणी, समोर वारा

एंकहाउझेन ते लेलीस्टाड असा पाण्यातून गेलेला एक बांध आहे. लांबी सुमारे २६ किलोमीटर. त्याच्या तोंडाशी एक अजब काम पाहिले. तिथे रस्ता पाण्याखालून जातो आणि बोटी वरून जातात. आपल्याकडे ओढ्यावरून पाट नेतात ना, तसाच हा मोठ्या बोटींचा पाट. रस्ता आणि जलमार्ग एकमेकांना अडवू नयेत म्हणून केलेला.

बांधावर चढलो आणि वारा अंगावर आला. दक्षिणेचा वारा, तोंडावर. त्या भागात चढ नाहीत, पण हा वारा म्हणजेच तिथला घाट. झाड नाही, भिंत नाही, आडोसा नाही. उजव्या हाताला मार्करमेर, डाव्या हाताला आयसेलमेर, दोन्ही अफाट तळी. शेवट दिसत नाही. पायडल मारतोय आणि जागचा हलत नाही असे वाटे. तासाला जेमतेम दहा किलोमीटर. साधारण मध्यावर बोटींच्या आसऱ्यासाठी छोटे बंदर आहे. तिथे पोचेपर्यंत गुडघे बोलू लागले. परत फिरावे तर वारा पाठीवर, पुढे जावे तर पोटात. दगडावर बसून एक दशमी खाल्ली आणि ठरवले की निम्मे आलो आहे, तर पुढेच जाऊ.

ही तळी मुळात तळी नव्हती, हे सांगायला हवे. इथे झाउडरझे नावाचा खाऱ्या पाण्याचा उथळ समुद्र होता, देशाच्या पोटात शिरलेला. वादळ झाले की तो काठची गावे बुडवी. १९१६ च्या जानेवारीत असाच मोठा पूर आला. कोर्नेलिस लेली नावाच्या इंजिनिअरने समुद्राचे तोंड बंद करण्याचा आराखडा फार पूर्वीच केला होता. पुढे ते मंत्री झाले आणि पुरानंतर १९१८ साली त्या कामाचा कायदा झाला. ३२ किलोमीटर लांबीचा मोठा बांध घालून २८ मे १९३२ रोजी समुद्राचे तोंड बंद केले. लेली १९२९ सालीच वारले होते. ज्याने नकाशा काढला त्याला शेवटचा घमेला पडलेला पाहायला मिळाला नाही. पुढे नद्यांचे गोडे पाणी येत राहिले आणि काही वर्षांत खारा समुद्र गोड्या पाण्याचे तळे झाला. आज तेच पाणी शेतीला आणि पिण्याला वापरतात.

एकट्याने सायकल चालवताना माणसाला आपलेच बोलणे ऐकावे लागते. त्या बांधावर मला एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर छापली नाही, भाषणातही सांगितली नाही. आज सांगतो.

नोकरीचे सहावे वर्ष. कृष्णाकाठच्या एका गावात एका शेतकऱ्याची दोन एकर जमीन क्षारपड झाली होती. पाट आला, ऊस आला, पाणी भरमसाट दिले गेले, निचरा नाही. जमिनीला मीठ फुटले. मी तरुण होतो, पुस्तके वाचलेली होती. मी म्हटले, "जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाका, पाणी निघून जाईल, तीन वर्षांत जमीन सुधारेल." त्याने दोन म्हशी विकल्या आणि पाइप टाकले. काम चोख झाले. उतार बरोबर, खोली बरोबर. पण पाइपातून निघालेले पाणी पुढे जाणार कुठे, हे मी नीट पाहिलेच नव्हते. खालच्या शेतांतून जाणारा जुना ओघळ लोकांनी बुजवून लागणीखाली आणला होता. पहिल्याच पावसाळ्यात पाणी तुंबले आणि पाइपातून उलटे शेतात आले. म्हशी गेल्या, जमीन होती तशीच राहिली. तो शेतकरी मला एक शब्द बोलला नाही. उलट चहा पाजला. तो चहा मला आजही गोड लागत नाही.

पाण्याखालची साठ एकर

लेलीस्टाडला पोचायला अकरा वाजून गेले. गावाचे नाव त्याच लेलींवरून. आणि हे गाव, हा बहुतेक सारा फ्लेव्होलँड प्रांत, पूर्वी पाण्याच्या तळाशी होता. पूर्वेकडचा भाग १९५७ साली कोरडा झाला, दक्षिणेकडचा १९६८ साली. भोवती बांध घालून आतले पाणी पंपांनी उपसून जी जमीन तयार होते, तिला ते लोक 'पोल्डर' म्हणतात.

इथून मी ईशान्येला वळलो आणि वारा पाठीशी आला. काय सांगू! मघाचा दुखरा गुडघा विसरलो. डावीकडे बांधापलीकडे तळे, उजवीकडे शेते. आणि नीट पाहिले तर तळ्याचे पाणी वर आणि शेत खाली! साधारण दहा ते पंधरा फूट खाली. आपल्याकडे विहिरीच्या काठावर उभे राहून तळ पाहावा तसे. त्या तळात बटाटा, कांदा, साखरबीट, गहू. काठाने पवनचक्क्या, काही तर पाण्यातच उभ्या.

पाणी उपसले की लगेच पेरणी होत नाही, बरे का. खाली निव्वळ चिखल, त्यात माणूसही रुतेल. म्हणून फ्लेव्होलँडात विमानातून वेताच्या जातीच्या गवताचे, म्हणजे बोरूचे बी फेकले. बोरूने मुळांनी पाणी शोषले आणि तण दाबले. मग तो जाळला, चर खोदले, आणि पहिली काही वर्षे सरकारनेच मोहरीसारखे तेलबी आणि धान्य घेतले. जमीन माणसात आली, मगच शेतकऱ्यांना दिली. म्हणजे पहिला धोका सरकारने पत्करला. जमिनी वाटताना अर्जदारांची निवड कडक असे. अर्जदाराची शेती कशी आहे एवढेच नव्हे, तर त्याचे घर कसे ठेवलेले आहे तेही पाहायला माणसे जात. घरधनिणीचा टापटीपपणाही गुणांत धरला जाई. भगिनींनो, यावर तुमचे काय म्हणणे आहे ते मला जरूर कळवा!

केटेलब्रुग नावाच्या लांब पुलावरून पलीकडच्या पोल्डरमध्ये उतरलो. हा १९४२ सालचा, सुमारे ४८,००० हेक्टरांचा. इथे शेताचा नेहमीचा तुकडा ३०० मीटर रुंद आणि ८०० मीटर लांब, म्हणजे २४ हेक्टर, आपले साठ एकर. मध्यभागी एमेलोर्ड हे बाजाराचे गाव आणि भोवती गोलाकार दहा खेडी. या दहा खेड्यांमधली अंतरे कशी ठरवली ठाऊक आहे? सायकलवरून! शेतमजुराला, शाळेच्या मुलाला, दुकानात जाणाऱ्या बाईला सायकलवरून सहज जाता यावे, एवढ्या अंतरावर खेडे वसवायचे. पुढचा पोल्डर वसवेपर्यंत घरोघर मोटारी आल्या, मग आराखड्यातली खेडी कमी केली. मी त्या दिवशी पायडल मारत होतो तो मुलूख माझ्यासारख्यासाठीच आखलेला होता, हे कळल्यावर मला फार बरे वाटले.

काटा आणि बादली

वारा पाठीशी असला की माणूस फुशारतो. मी गाणे गुणगुणत होतो, तोच मागचे चाक खडखडू लागले. पंक्चर! कुंपणाची छाटणी झालेली, त्यातला काटा. आपल्या बाभळीच्या काट्याची आठवण व्हावी असा. घाबरण्याचे कारण नव्हते, सामान जवळ होते. चाक सोडवले, ट्यूब ओढून काढली, सोल्यूशनची नळी दाबली, तर ती आतून वाळून खडखडीत! जावयांनी ती किती वर्षांपूर्वी घेतली होती कोण जाणे. निघण्यापूर्वी अवजार तपासा, असे तीस वर्षे तुम्हाला सांगणारा मी, स्वतः तपासायला विसरलो होतो.

चहूकडे सपाट राने. जवळच्या शेतात कांदा काढून ओळीने सुकत टाकलेला. एवढा ओळखीचा वास त्या परमुलखात पहिल्यांदाच आला आणि खरे सांगतो, जीव जरा निवला. दोनशे मीटरवर घर होते. तिथून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहत होते. थोड्या वेळाने ते पायीच आले. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पंक्चरचा डबा. एक अक्षर न विचारता त्यांनी शेताकडेच्या चरातून बादलीभर पाणी काढले. दोघांनी मिळून ट्यूब बुडवली, बुडबुडा शोधला, ठिगळ लावले. जगात कुठेही जा, पंक्चर काढण्याची रीत एकच!

त्यांना इंग्रजी बेताचे येत होते, मलाही बेताचेच. त्यामुळे आमचे चांगले जमले. मी शेतकी खात्यात आहे म्हटल्यावर त्यांनी मला बांधावर बसवले आणि घरातून कॉफी आणली. त्यांचे वय पंचाहत्तरच्या घरात. शेती आता मुलगा पाहतो. मूळ घराणे झीलंडचे, म्हणजे देशाच्या नैर्ऋत्येच्या समुद्रकाठचे. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री समुद्राने बांध फोडले. त्या पुरात देशात १,८३६ माणसे गेली. त्यांच्या वडिलांच्या शेतात खारे पाणी कित्येक महिने उभे होते. पाणी गेल्यावर जमिनीत जिप्सम मिसळले, पण पुढे त्या भागात जमिनींची फेरमांडणी झाली तेव्हा काही कुटुंबांना इकडे नव्या पोल्डरमध्ये शेते मिळाली. त्यांत हे एक. "आई आठवडाभर रडत होती," ते म्हणाले. "इथे एकही झाड नव्हते."

जिप्समचे नाव ऐकून मी सावरून बसलो. मी माझ्या त्या शेतकऱ्याची सारी हकिकत त्यांना सांगितली. पाइप, म्हशी, बुजलेला ओघळ, सारे काही. त्यांनी ऐकून घेतले आणि मला चरापाशी नेले. शेताच्या बाजूने पाइपांची तोंडे चरात उघडलेली होती, ठरावीक अंतरावर. पावसाळ्यात त्यातून धार लागते. शेतातला पाइप चरात, चर मोठ्या चरात, मोठा चर कालव्यात, कालवा पंपघराकडे. या पोल्डरला अशी तीन मोठी पंपघरे आहेत. ती पाणी उचलून वर तळ्यात टाकतात. चरात एक मोजपट्टी उभी होती. पाणी कोणत्या रेघेपर्यंत ठेवायचे ते ठरलेले असते.

मी विचारले, "तुमच्या खालच्या शेतकऱ्याने आपला चर साफ केला नाही तर?"

ते म्हणाले, "तर पाणी माझ्या शेतात राहील. म्हणूनच ते त्याच्या मर्जीवर ठेवलेले नाही."

चर कुणाचा?

त्या देशात पाण्यासाठी वेगळी पंचायत असते. तिला ते वाटरस्खाप म्हणतात. अशा पंचायती तेराव्या शतकापासून आहेत. आज सगळ्या देशात मिळून २१ आहेत. त्यांच्या स्वतंत्र निवडणुका होतात. घरवाला घरामागे पट्टी देतो, शेतकरी हेक्टरामागे देतो. बांध, पंप, मोठे कालवे पंचायतीने सांभाळायचे, आपल्या शेताकडेचा चर ज्याचा त्याने. शरद ऋतूत पंचायतीची माणसे चर पाहायला फिरतात. ज्याचा चर गवताने भरलेला आहे त्याला ताकीद. तरीही केला नाही तर पंचायत साफ करून घेते आणि बिल त्याला पाठवते.

जुन्या काळी याहून कडक रीत होती. बांधाचा आपल्या वाट्याचा तुकडा ज्याला राखता येईना, त्याने आपले कुदळ-फावडे बांधात रोवून ठेवायचे. त्याचा अर्थ, माझ्याने होत नाही, मी निघालो. जो ते फावडे उपसेल त्याने बांध राखायचा आणि जमीन घ्यायची. बांध एका ठिकाणी फुटला तर सारेच बुडणार, म्हणून ही कडकाई.

मी म्हटले, "तुमच्याकडे शेजारी-शेजारी भांडत नाहीत वाटते?"

त्यावर ते गृहस्थ मोठ्याने हसले. खालच्या शेताकडे बोट करून म्हणाले, "तो माणूस बारा वर्षे माझ्याशी बोललेला नाही. एका यंत्राच्या व्यवहारावरून बिनसले. चर्चमध्येही तोंड फिरवतो. पण चर साफ करतो."

बंधूंनो, मी त्या चराकडे पाहत राहिलो. स्वच्छ, सरळ, दोन्ही काठ कापलेले. बारा वर्षांचा अबोला एका बाजूला आणि चर एका बाजूला. आपल्याकडे आपण अगोदर बोलणे बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी ओघळात दगड टाकतो.

त्यांना निरोप देताना मी चटणीची पुडी दिली. त्यांनी बोटावर घेऊन चाखली, डोळ्यांत पाणी आले, पण पुडी परत केली नाही.

बुडालेले आणि वर आलेले बेट

तिथून थोड्या अंतरावर स्खोकलँड आहे. शेतांच्या मधोमध एक लांबट उंचवटा, त्यावर झाडे आणि जुने देऊळ. पूर्वी हे समुद्रातले बेट होते. लाटांनी काठ खाल्ले, घरे पडू लागली, तेव्हा १८५९ साली सरकारने तिथली सहा-साडेसहाशे माणसे हलवली. पुढे १९४२ साली भोवतीचे पाणी उपसले आणि बेट जमिनीवर आले. आता त्याच्या काठावर उभे राहिले की जिथे लाटा आदळत तिथे बटाट्याच्या सऱ्या दिसतात. १९९५ साली हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतले गेले. या पोल्डरमध्ये चर खोदताना आणि नांगरताना जुन्या बुडालेल्या बोटी सापडल्या आहेत, एक-दोन नव्हे, शेकड्यांनी.

त्या काठावर बसून उरलेली दशमी खाल्ली. तिकडचे सारेच गोड आहे असे समजू नका. पाणी काढले की खालची जमीन हळूहळू दबते, आणखी खाली जाते. स्खोकलँडभोवती तर मुद्दाम पाणी थोडे वर ठेवावे लागते, नाहीतर बेट खचेल. पंप थांबवून चालणार नाही, आज नाही आणि शंभर वर्षांनीही नाही. खर्च कायमचा मानगुटीवर. पण तो खर्च वाटून घ्यायचा हे त्यांनी ठरवले आहे आणि त्यावर पुन्हा पुन्हा वाद घालत नाहीत.

पुढे आयसेल नदीकाठी काम्पेन गावी पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. सारे मिळून ऐंशीएक किलोमीटर झाले असावेत. तिथून आगगाडीने झ्वोले आणि झ्वोलेहून अ‍ॅमस्टरडॅमकडे. ती गाडी त्याच पोल्डरमधून जाते. दिवसभर पायडल मारून जो मुलूख पाहिला, तो गाडीने अर्ध्या तासात मागे टाकला. डब्यातले लोक आपापल्या फोनमध्ये मान घालून बसले होते. मी एकटाच खिडकीतून चर मोजत होतो.

आपल्या बांधावर

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्या जुन्या शेतकऱ्याकडे गेलो. आता तो सत्तरीचा. दोन एकरांत लव्हाळा आणि वेडी बाभूळ. मी त्याला सरळ म्हटले, "अण्णा, तेव्हा चूक माझी होती. पाण्याची वाट न पाहता मी तुम्हाला खर्चात घातले."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, वाट बुजलीय हे मला ठावं होतं. बुजवणारा माझाच चुलतभाऊ. आमचं बोलणं नव्हतं. मला वाटलं, तुम्ही सरकारी माणूस, तुम्ही सांगितल्यावर तो ऐकंल. तुम्ही त्याच्याकडं गेलाच नाही."

पंचवीस वर्षे मी समजत होतो की माझी चूक उताराच्या मापाची होती. ती मापाची नव्हती. मी जमीन पाहिली, माणसे पाहिली नाहीत.

त्या ओघळावर एकंदर चौदा खातेदार आहेत. आम्ही देवळात बैठक घेतली. ओघळ पुन्हा खोलायचा, खर्च एकराप्रमाणे वाटायचा आणि दरवर्षी वैशाखात सर्वांनी मिळून चर पाहत खालपर्यंत चालत जायचे, असा कागद केला. अकरा सह्या झाल्या आहेत. तीन राहिल्या. त्यांतली एक त्या चुलतभावाच्या मुलाची. तो सही न करता गेला, पण बैठक संपेपर्यंत दाराशी उभा होता. मी निवृत्त होण्यापूर्वी त्याच्याकडे पुन्हा जाणार आहे, सायकलवरून.

तुमच्या रानात मीठ फुटत असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, भर पावसात छत्री घेऊन निघा आणि आपल्या शेतातले पाणी शेवटी कुठे जाते ते चालत जाऊन पाहा. दुसरी, शेतात पाच फुटांचा खड्डा किंवा भोक घेऊन पाणी किती खोलीवर लागते ते महिन्या-महिन्याला लिहून ठेवा. तिसरी, उसाला पाणी मोजून द्या, ठिबक करता आले तर उत्तमच. चौथी, माती तपासल्याशिवाय जिप्सम टाकू नका. चोपण जमिनीला त्याचा उपयोग होतो, पण निचरा नसेल तर तेही वाया जाते. आणि पाइपाला पैसे घालण्यापूर्वी खालच्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या.

सायकल एकट्याने चालवता येते. वारा समोरून आला तरी माणूस रेटून मुक्काम गाठतो. पाणी मात्र एकट्याने काढता येत नाही. खालच्या शेजाऱ्याशी बोलणे नसेल तर नसू द्या. पण त्याचा आणि तुमचा चर एकच आहे, एवढे दोघांनीही विसरू नका.